कानातला धवला

खाडीकाठच्या करावे या गावात बायजाशिवाय लग्न लागत नसे. आगऱ्यांच्या लग्नात भटजीचा मान धवलारणीला. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचं आपलं एक गाणं असतं, त्याला म्हणायचं धवला, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. तिनं धवला म्हटला की विधी झाला. बायजाला असे किती धवले येत होते, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती मांडवात बसली की नवऱ्याच्या बापाचीसुद्धा मध्ये खोकायची टाप नसे. एकदा एका व्याह्यानं तिचं गाणं चालू असताना विडीसाठी काडी मागितली, तर तिनं धवला तिथंच तोडला, व्याह्याला मांडवाबाहेर काढलं आणि मगच पुढचं कडवं धरलं. खोटं वाटेल, पण तो व्याही पुढे स्वतःच हसत हसत ही गोष्ट सांगायचा.

या सगळ्यांत एक धवला वेगळा होता. नवरीला मांडवात आणण्याआधी आतल्या खोलीत नेत, दार लावून घेत, आणि धवलारीण तिच्या कानाशी तोंड नेऊन तो म्हणे. इतका हळू, की शेजारी बसलेल्या आईलाही धड ऐकू जाऊ नये. गावात त्याला कानातला धवला म्हणत. ऐकणारी पोर त्या वेळी रडत असायची, त्यामुळे गावातल्या झाडून साऱ्या बायकांनी तो ऐकला होता आणि एकीलाही तो येत नव्हता. लग्नाबाहेर तो तोंडातून काढायचा नाही, काढला तर कुठल्यातरी नवरीचा संसार मोडतो, असा नियम होता. धवलारीण आपल्यामागं जिला निवडेल तिनं खोलीत शेजारी बसायचं आणि एकेका लग्नाला थोडा थोडा कानांनी उचलायचा. दुसरी वाट नव्हती.

बायजानं आपली सून सगुणा निवडली होती. सगुणा त्याच गावची, खालच्या आळीतली, त्यामुळे तिच्या लग्नात तिच्या कानाशी वाकली ती बायजाच. त्यातलं सगुणाला आठवत होतं ते एवढंच, की शेवटाला सासूचा आवाज कुठंतरी खाली खाली उतरत गेला, खाडीला ओहोटी लागते तसा, आणि आपल्याला हुंदका आवरेना. शब्द विसरले, चाल विसरली. तो उतार तेवढा मनात राहिला होता.

"तुना मी खोलीत घेईन गो," बायजा म्हणाली, "पन आपले कमळीच्या लग्नाला. घरातल्या लेकीपासून सुरवात करायची. घाई काय हाय? मी काय लगेच चालली हाय?"

कमळी तिची धाकटी, तेव्हा पंधरा वर्षांची. साल होतं एकोणीसशे सत्तावन्न.

त्याच्या आधीपासूनच बायजाची उजवी नडगी दुखत होती. आगरी बाई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून नेसते, तेव्हा पाय लपवायची सोय नाही. नडगी पुढच्या अंगाला वाकत चालली होती आणि हात लावावा तर तापलेली लागायची. त्यात डोकं ठणकायचं. कपाळ पुढे आल्यासारखं, एकूण डोकंच मोठं झाल्यासारखं दिसायला लागलं. गावाला याचं काही वाटलं नाही. इतकी वर्षं देवाधर्माची गाणी जिच्या तोंडातून निघतात, तिच्या डोक्यावर देवी बसणारच, हा तिचाच भार, असं गावानं ठरवून टाकलं. गावदेवीला नारळ झाले, कोंबडा झाला. बायजालाही ते आतून आवडत होतं. आपल्या डोक्यावर देवी बसते हे कोणाला आवडणार नाही? अशी दोन वर्षं गेली, आणि त्या सत्तावन्न सालीच एक दिवस पाय टेकवेना.

मुलगा हिरामण मिठागरात कामाला होता आणि मिठाचा हंगाम ऐन भरात आलेला, त्याला सुटी मिळेना. म्हणून सगुणाच सासूला घेऊन बेलापूरच्या बंदरावरून मचव्यानं, म्हणजे शिडाच्या होडीनं, मुंबईला गेली. भाऊच्या धक्क्यावर उतरून मोठ्या सरकारी इस्पितळात दोन दिवस हेलपाटे घातले. पहिल्या दिवशी हाडांचे फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं बायजाला बाकावर बसवलं आणि सगुणाला एकटीला आत बोलावलं.

डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, बोलायला साधा. त्यानं दिवा लावलेल्या काचेवर दोन फोटो शेजारी शेजारी अडकवले. "ही एका निरोगी बाईची कवटी. आणि ही तुमच्या सासूबाईंची."

जिवंत माणसाची कवटी बघायची पाळी सगुणावर कधी आली नव्हती. तरी तिनं बघितलं. पहिल्या फोटोतली हाडाची रेघ बारीक आणि रेखीव होती. बायजाच्या फोटोत ती तिपटीनं जाड होऊन पार फिसकटली होती आणि आत पांढरे पुंजके पसरले होते, पिंजलेला कापूस कोणी विस्कटून टाकावा तसे. मग त्यानं पायाचा फोटो लावला. नडगी जाड झालेली, पुढे वाकलेली, आणि वाकाच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढ्या आडव्या भेगा.

"याला पॅजेटचा आजार म्हणतात. आपल्याकडे फार कमी दिसतो," डॉक्टर म्हणाला. "हाड म्हणजे दगड नव्हे, बाई. ते रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवं भरतं, तुमचं, माझं, सगळ्यांचंच. यांचं झिजणं फार जोरात चाललंय, आणि भरणंही घाईघाईत. त्यामुळे हाड वाढतं, पण त्यात दम नसतो."

सगुणाला हे लगेच समजलं. उधाणानं खाडीचा बांध फुटला की माणसं मिळेल तो चिखल लोटून भगदाड बुजवतात. दिसायला तो बांध आधीपेक्षा जाड दिसतो आणि पुढच्या उधाणाला तोच आधी बसतो. हे तिनं लहानपणापासून बघितलेलं होतं.

"अवषध?"

"दुखेल तेव्हा गोळी. बाकी आज आमच्याकडे काही नाही, खोटं कशाला सांगू? यानं माणूस लगेच जात नाही. दहा वर्षं, पंधरा वर्षं, हळूहळू चालत राहतं. पाय आणखी वाकेल, जपावं लागेल, नाहीतर मोडेल. डोकं वाढत जाईल. पुढे पुढे हृदय थकतं." फोटोतल्या कवटीच्या खालच्या बाजूला त्यानं बोट ठेवलं. "आणि कान जातील. ऐकू येण्याची सगळी जागा या हाडाच्या आत आहे. दोन वर्षं लागतील, तीन लागतील, पण जातील. करतात काय त्या?"

"गातात," सगुणा म्हणाली.

डॉक्टरनं फोटो काढून पाकिटात घातले आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली.

परतताना मचव्यात बायजा भलतीच खुशीत होती. मुंबई बघून झाली होती, डॉक्टर गोरा आणि देखणा निघाला होता, गोळीनं पायाची कळही थांबली होती. ती होडी हाकणाऱ्या तांडेलाला इस्पितळातल्या नर्सांच्या टोप्यांची नक्कल करून दाखवत होती. मग सुनेकडे वळून म्हणाली, "काय बोलला गो डाक्टर?"

आणि सगुणानं सांगितलं, "हाडांत वात हाय, आये. हळूहळू जाईल बोलला."

असं बोलायचं तिनं ठरवलेलं नव्हतं. त्या हसऱ्या तोंडासमोर दुसरं काही तोंडातून निघेना, एवढंच. घरी आल्यावर नवऱ्याला तिनं खरं ते सांगितलं, आणि सासूला काय सांगितलं तेही. "बरा केलास," हिरामण म्हणाला. "आयेला कळला तर ती मांडवात पाय ठेवायची नाय. तिचा जीव त्या गान्यांत हाय. चाललाय तवर चालू दे." सगुणालाही ते पटलं. दोघांचाही बायजावर जीव होता, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. जीव असलेली माणसंच अशी फसतात.

अठ्ठावन्न साली गावात सात लग्नं झाली. सातही वेळा बायजा नवरीला घेऊन खोलीत गेली, दार लागलं, आणि सगुणा बाहेर हळदीचं ताट घेऊन उभी राहिली. आत चाललेलं बाहेर ऐकू येत नव्हतं. सासूच्या कानांचे दिवस भरत चाललेत हे तिला ठाऊक होतं, आणि तो धवला कमळीच्या लग्नापर्यंत थांबणार नाही, हेही. एकदा धीर करून ती म्हणाली, "आये, या खेपेला मना आत घेशील?"

बायजानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "माझी जागा घ्यायची घाई झाली काय तुना?"

झालं. एवढ्यावर कुठली सून पुन्हा तोंड उघडणार? खरं सांगितलं असतं तर घाईचं कारण कळलं असतं. पण खरं सांगायचं नव्हतं, आणि खोट्याला घाईचं कारण नव्हतं. सगुणा त्या दोन्हींच्या मध्ये अडकली.

एकोणसाठच्या पावसाळ्यानंतर बायजा गावावर चिडायला लागली. सगळी तोंडातल्या तोंडात बोलतात, पुटपुटतात, पोरांना बोलायचं वळण राहिलं नाही, असं तिचं म्हणणं. गाव तिच्याशी ओरडून बोलू लागलं, तर म्हणायची, वरडतंस कशाला, मी बहिरी हाय? एका सकाळी चुलीशी येऊन तिनं विचारलं, "कोंबडा कापलास काय गो? चार दिवस आरवला नाय." कोंबडा समोर कुडावर उभा राहून मान ताणून आरवत होता. सगुणा पाणी आणायचं निमित्त करून विहिरीवर गेली आणि तिथं पोटभर रडली.

मांडवात मात्र कोणाच्या काही लक्षात आलं नाही. तिथले धवले बायजा म्हणायची तशा पाचसहा बायका मागून झेलायच्या. त्यांच्या ओठांकडे बघून ती वेळ सांभाळायची, आणि सूर जरा इकडेतिकडे झाला तर त्या सगळ्याजणींच्या आवाजात तो मिळून जायचा. खोलीत मागून झेलणारं कोणी नव्हतं. त्या वर्षीच्या नवऱ्या मुली दचकल्यासारख्या बाहेर आल्या. पण खोलीतलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून त्या आणि त्यांच्या आयाही काही बोलल्या नाहीत.

साठ सालच्या माघात कमळीचं लग्न ठरलं. नवरा तुर्भ्याचा. बायजा तोवर काठी टेकत चालायला लागली होती, पण लेकीच्या लग्नात तिनं मेढीपासून सगळं स्वतः केलं. वऱ्हाड आलं, वाजंत्री थांबली, मांडव माणसांनी भरला. बायजानं कमळीचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं सगुणाला खूण केली, की ये. सगुणा आत गेली आणि तिनं दार लावलं. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते आता कानांत साठवून घ्यायचं, म्हणून ती श्वास धरून अगदी जवळ बसली.

बायजा कमळीच्या कानाशी वाकली आणि तिनं धवला धरला.

तो तिनं खड्या आवाजात धरला. काठावर उभं राहून खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा. आपला आवाज किती, हे तिला आता कळत नव्हतं. एवढं खरं, की सूर पार सुटला होता. एक ओळ वर चढायची ती तिथंच लोंबकळायची, दुसरी मध्येच चिरकायची. कमळीनं दचकून कान झाकला. बाहेर आधी वऱ्हाडातली पोरं हसली. मग कोणीतरी त्यांना दटावलं आणि सगळा मांडव गप्प झाला. त्या शांततेत आत्तापर्यंत एका वेळी एकाच कानात गेलेला तो धवला तुर्भ्याच्या परक्या माणसांनी शब्दन् शब्द ऐकला. लेकी, तुझ्या पायाखालचं पाणी आता दुसऱ्या गावचं, भरती आली की आमची आठव, ओहोटी आली की विसर, असं काहीसं ते होतं. शेवटी आवाज खाली उतरायला हवा होता, एवढं सगुणाला आठवत होतं. तो उतरला नाही. होता तिथंच तुटला.

"आये, हळू गो, आये," कमळी रडत रडत म्हणत होती, आणि बायजा तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून समाधानानं मान हलवत होती. या धवल्याला पोरी रडतातच.

मग तिनं दार उघडलं. समोर दोनशे माणसं खाली बघत उभी होती. बायजानं एकेक तोंड न्याहाळलं. ती हुशार बाई होती. तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज पडली नाही. तिनं लग्न शेवटपर्यंत लावलं, पण मांडवातले उरलेले धवले तिनं नुसते ओठ हलवून म्हटले आणि आवाज मागच्या बायकांचा राहू दिला.

कमळी सासरी गेली. चौथ्या दिवशी बायजानं सगुणाला समोर बसवलं. "तुना ठावं व्हतं?"

सगुणानं होय म्हणून मान हलवली.

"कवापासून?"

सगुणानं तीन बोटं वर केली. आणि मग रडत, खुणा करत, कपाळाला, कानाला हात लावून दाखवत, डॉक्टर जे बोलला होता ते सगळं सांगितलं. बायजानं मध्ये अडवलं नाही. शिव्या देईल, काठी उगारेल असं सगुणाला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तीन वरसां," बायजा म्हणाली. आवाज पुन्हा मोठाच निघाला. शेजारची बाई कुडावरून डोकावली. "आगो, तीन वरसांत मी तुना इथं चुलीपाशी बसवून शिकवला असता."

सगुणानं ओठ सावकाश हलवत, खुणा करत विचारलं, आणि नियम? लग्नाबाहेर म्हणायचा नाही तो?

"नियम लोकांना सांगायला! माझे सासूनं मना भात रांधता रांधता शिकवला. तिला तिचे सासूनं. खोलीत बसून कोनाला कवा आलाय काय? तिथं नवरीच्या हुंदक्यांत काय आयकू येतं? मी तुना कमळीच्या लग्नानंतर चुलीपाशीच सांगनार व्हती, आरामात. मना काय ठावं, दिवस नाय उरले." आणि मग ती पहिल्यांदा रडली. सगुणाही रडली. एक शब्द सांगितला असता तर सगळं वाचलं असतं, हे ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं. सगुणानं हे पुढे जन्मभर कोणापाशी झाकून ठेवलं नाही. चूक माझी, असं ती सरळ सांगायची.

बासष्ट साली बायजाच्या हट्टामुळे हिरामण तिला पुन्हा मुंबईला घेऊन गेला. सगुणा सोबत होती. डॉक्टरनं जुना फोटो आणि नवा फोटो एकाशेजारी एक लावले. कापसाचे पुंजके वाढून एकमेकांत मिसळले होते, मानेजवळ कवटी आपल्याच भारानं खाली बसल्यासारखी दिसत होती, आणि नडगीवरच्या भेगा रुंदावल्या होत्या. बायजानं काठीच्या टोकानं स्वतःच्या डोक्याच्या फोटोकडे खूण केली. "यात माझी गानी कुटं हाईत?" तिनं विचारलं. डॉक्टरला हसावं की काय ते कळलं नाही. त्यानं मान हलवली, की फोटोत ती दिसत नाहीत.

पण ती होती. शब्द सगळे होते. कमळीच्या लग्नापासून बायजा रोज दुपारी चुलीपाशी बसून कानातला धवला म्हणायची आणि सगुणा शिकायची. एका पावसाळ्यात शब्द पाठ झाले. चाल मात्र येईना, कारण ती बायजाच्या गळ्यातच राहिली नव्हती. रोज ती वेगळीच निघायची. प्रत्येक वेळी म्हणून झाला की सासू विचारायची, "बरोबर आला?" सगुणाला खोटं बोलायची पुन्हा हिंमत नव्हती. ती मान हलवायची, नाही. बायजा पुन्हा पहिल्यापासून धरायची. कधी कधी सात सात वेळा. शेवटी दमून म्हणायची, "मना डोक्यात बरोबर वाजतो गो. अगदी बरोबर. तुना कसा दाखवू?"

सगुणा गावभर फिरली. कानात तो ऐकलेल्या म्हाताऱ्यांना, तरण्यांना, सगळ्यांना तिनं विचारलं, तुम्हाला जसा आठवतो तसा गुणगुणा. प्रत्येकीनं वेगळा गुणगुणला. एकीनं त्यात अंगाई मिसळली, एकीनं होळीचं गाणं, आणि एक दोन ओळी म्हणून रडायलाच लागली. पुष्कळजणींना आठवला तो कमळीच्या लग्नातला. तो मोठ्यानं झाला होता, सगळ्यांनी ऐकला होता, आणि आपापल्या कानात पूर्वी हळू ऐकलेल्या धवल्यावर तोच बसला होता.

चौसष्ट साली उंबऱ्यात अडखळून बायजाची नडगी मोडली. ती जुळली, पण वाकडी जुळली, आणि त्यानंतर ती खाटेवरच राहिली. पायांना सूज चढली, चार पावलांनी धाप लागायला लागली. डॉक्टरनं सांगितलं होतं त्याच क्रमानं सगळं होत गेलं, कुठं काही चुकलं नाही. सहासष्टच्या चैत्रात ती गेली. शेवटच्या आठवड्यातही दुपारी तिचे ओठ हलत होते. डोक्यात तिला तो बरोबर ऐकू येत असावा, तिच्या तोंडावर तसंच समाधान होतं.

त्याच वैशाखात वामन पाटलाची लेक पुतळा हिचं लग्न निघालं. बायजा होती तोवर मांडवातले धवले तिच्या नावानं मागच्या बायका म्हणत आणि कानातला राहून जाई; आता गावानं सगुणाला बोलावलं. तिनं नको नको म्हटलं, पण धवलारणीवाचून लग्न कसं लागणार? पुतळाला घेऊन ती खोलीत गेली, दार लावलं, तिच्या कानाशी वाकली आणि तिच्यापाशी होती तीच चाल तिनं धरली. कमळीच्या लग्नातली, मध्येच लोंबकळणारी, शेवटी न उतरता तुटणारी. फक्त हळू आवाजात. पुतळा रडली. शेजारी बसलेली तिची आई डोळे पुसत म्हणाली, "अगदी बायजाआत्येसारखा आला गो. जशाचा तसा."

सगुणानं दार उघडलं. ती चाल चुकीची आहे, हे गावात तिला एकटीला ठाऊक होतं. बरोबर कोणती, ते तिलाही ठाऊक नव्हतं.